निर्दोष सुटलो, पण नापास झालो

बऱ्हाणपूर,
पौष शुद्ध पंचमी, शके १८७९

तीर्थस्वरूप यादवदादा यांना,

धाकट्या भिकनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मालूवहिनींनाही तसाच. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, पण मी दवाखान्यात बसून लिहितो आहे आणि इथे सर्व क्षेम झालं तर सरकार दवाखान्याला कुलूप लावेल. तेव्हा इकडे नेहमीप्रमाणे सगळे आजारी आहेत, मी तेवढा बरा आहे. तुमची खुशाली कळवावी. (खरी कळवावी. मागच्या खेपेला ‘आम्ही मजेत’ एवढंच आलं होतं.) हे पत्र चि. आशा वाचून दाखवत असेल. आशा, पोरी, सुनेने सासऱ्यासमोर मोठ्याने वाचायचं म्हणजे अवघड काम, हे मला समजतं. पण तुझ्या नवऱ्याच्या, मधुकरच्या हातात पत्र दिलं की तो लांब वाक्यं गाळतो आणि एकदम शेवट सांगतो, आणि माझं पत्र तर सगळं लांब वाक्यांचंच असतं. म्हणून तूच वाच. घोटभर पाणी पी आणि सावकाश वाच. कंसात जे असेल ते आधी मनात वाच, आणि मोठ्याने वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव.

दादा, आपल्या निंब्या गाडीवाल्याने केळी स्टेशनावर उतरवली की तो माझ्याकडे डोकावून जातो. मागच्या बाजाराला आला तेव्हा पाणीही न पिता म्हणाला, “भिकनभाऊ, दादा बागात उतरतच नाही. बांधावर बसेल राहतात. डाव्या पायाले फडकं बांधेल आहे. विचारलं तं म्हणे काटा.” काटा पोळ्याला लागला असं तुम्ही सांगता. आता पौष लागला. एवढा मुक्काम काटा करत नाही. शिवाय वैद्याने तुम्हाला साखरेचा आजार म्हणून गूळ बंद केला होता, आणि तुम्ही तो बंद केलेला नाही, ही बातमीही माझ्यापर्यंत आलेली आहे. (कोणाकडून आली ते मी लिहिणार नाही. मालूवहिनी, तुम्ही निश्चिंत असा.) अशा माणसाच्या पायाची जखम आपल्या आपण बरी होत नाही, आतून पसरते. म्हणून मी निरोप धाडला, की या आणि पाय दाखवा. त्यावर तुमचा उलटा निरोप आला, की पायाचं सोड, तुझ्या परीक्षेचं काय झालं ते लिही. दवाखान्यात पाय नेला की डॉक्टर तो कापून घेतात, असंही तुम्ही निंब्याजवळ बोललात म्हणे. ठीक आहे, परीक्षेचं लिहितो. पायाचं मात्र सोडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. थोडक्यात सांगायचं तर चौकशीत निर्दोष सुटलो आणि परीक्षेत नापास झालो. आता सविस्तर.

तुमची भावजय, माझी रंभा, ज्या वॉर्डात देवाघरी गेली त्याच वॉर्डात मी नोकरीला राहिलो, हे तुम्ही जाणताच. तिच्या खाटेशी बसून बसून तिथल्या खाटा, भांडी, फिनेलचा वास हे सगळं मला घरच्यासारखं झालं आणि घर परक्यासारखं. झाडणं-पुसणं, पाणी भरणं, रोग्यांची भांडी उचलणं, एवढंच माझं काम आणि मी त्यात सुखी होतो. मग राज्यांची वाटणी झाली. नागपूर तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो, कागद नागपूरऐवजी भोपाळला जायला लागले, आणि तिकडून एक कागद आमच्याकडे आला, की सातवी झालेल्या वॉर्डसेवकांना परिचर्येच्या वर्गात बसवावं, वयाची अट सैल करावी. सबंध दवाखान्यात सातवी झालेला सेवक मी एकटा निघालो. दादा, तुम्ही दुसरीतून शाळा सोडून बैलांमागे गेलात म्हणून माझी सातवी झाली. तेव्हा पन्नाशीला आल्यावर मी पुन्हा बाकावर बसलो, त्यात तुमचाही हात आहे.

वर्गात मी आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुली. त्यांनी पहिल्याच दिवशी मला काका करून टाकलं. आम्हाला शिकवतात त्या निर्मलाबाई, नागपूरच्या, आवाज हळू आणि नजर अशी, की खाटेखालचा धूळकण आपण होऊन बाहेर यावा. नियम असा, की परिचर्या करणाऱ्याच्या डोक्यावर पांढरी टोपी हवी. मुलींना शिवून दिल्या. माझ्या डोक्यावर ती चौथीपासूनच आहे, तेव्हा बाईंनी दोन वेळा वरखाली पाहिलं आणि तीच मंजूर केली. मी हलत नाही म्हणून पट्ट्या बांधायचा सराव सगळ्या मुली माझ्यावर करत. त्यांत खकनारची वंदना म्हणून एक आहे. तिला कुणाचाही धाक नाही आणि तिचं अर्धं बोलणं हिंदी. तिने एकदा माझं डोकं, एक डोळा आणि हनुवटी असं मिळून गच्च गुंडाळलं, आणि जेवणाची घंटा झाली म्हणून मला तसाच ठेवून गेली. गाठ इतकी छान बसली होती, की मला ती सुटेना. (तिला पट्टीत पैकीच्या पैकी गुण मिळाले.) संध्याकाळी तसाच राममंदिरात आरतीला गेलो. लोक गंभीर झाले. जबडा बांधलेला, त्यामुळे मला काही झालेलं नाही हेही मला सांगता येईना. पुजाऱ्यांनी तीर्थ पुढे केलं ते टोपीवर शिंपडून घेतलं. दुसऱ्या दिवशी दोन घरांतून शिरा आला. तो परत करणं बरं दिसलं नसतं.

माझी पहिली खरी चूक अनंत मास्तरांच्या खाटेवर झाली. हे शहरातल्या शाळेतले मास्तर, विषमज्वराने पडलेले. ज्याला उठून नहाणीत जाता येत नाही त्याचं अंग खाटेवरच ओल्या फडक्याने पुसून काढतात, त्याला इथे स्पंज म्हणतात. माझा पहिलाच स्पंज. मी टोपी नीट केली, रामाचं नाव घेतलं आणि पायांपासून सुरुवात केली. दादा, तुम्हीच सांगा, आणखी कुठून करणार? आपल्या घरी देवपूजेत आधी देवाचे पाय धुतात, मग बाकीचं स्नान. पाहुणा आला तरी आधी पायांवर पाणी. मी मास्तरांची बोटंन् बोटं चोळून काढली, आणि तेच फडकं त्याच पाण्यात बुडवून भक्तिभावाने त्यांच्या तोंडाकडे नेलं. मास्तर तापाने भाजत होते, पण शुद्धीवर होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, “भिकनराव, मी देव नाही हो. माझे डोळे येतील.” बाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी सगळ्या वर्गाला बोलावून माझ्यासमोर समजावलं, की चेहरा आधी, मग हात, छाती, पाठ, मधे पाणी बदलायचं, आणि पाय शेवटी. मला राग आला नाही. त्यांचं बरोबरच होतं. देवाला जंतू चावत नाहीत, माणसाला चावतात. मी ते घोकून ठेवलं, पाय शेवटी, पाय शेवटी. वंदना मात्र कितीतरी दिवस मला वऱ्हांड्यात गाठून विचारायची, “काका, आज किसका चरणामृत?”

आता लोटूबाबांचं सांगतो. इथून पुढे हसण्यासारखं कमी आहे, पण परीक्षा त्यातच आहे. लोटूबाबा शाहपूरचे, केळीचे मोठे बागाईतदार, वय तुमच्यापेक्षा थोडं जास्त, आणि तिकडच्या भजनात टाळ घेऊन पुढे बसणारे. छातीत कफ आणि ताप म्हणून आले होते. त्यांना साखरेचा आजारही होताच. त्यांचा स्पंज माझ्याकडे आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मी पुसायचो आणि ते बसक्या आवाजात गुणगुणायचे. चेहरा झाला, पाठ झाली, आता पाय, असं मी म्हटलं की ते चादर घट्ट धरायचे. “राहू दे भिकन. तू देवाधर्माचा माणूस. तुझ्याकडून पाय धुवून घेऊ? पाप लागन मले.” मी राहू द्यायचो. खरं सांगू का दादा, मला त्यात बरंही वाटायचं, की एवढा मोठा माणूस मला देवाधर्माचा म्हणतो. मी चादरीवरूनच त्यांच्या पायांना हात लावून तो हात कपाळाला लावायचो आणि पुढच्या खाटेकडे जायचो. रोजच असं. काही दिवसांनी त्या खाटेशी वास यायला लागला. दवाखान्यात वास येतोच, असं मी मनाशी म्हटलं. वास वाढला तेव्हा मी एक काम केलं. सकाळी त्यांच्या खाटेच्या दांड्याला उदबत्ती लावायला सुरुवात केली. बाबा खूश झाले. शेजारचे रोगीही म्हणाले, की भिकनकाका आले म्हणजे देवळात बसल्यासारखं वाटतं.

एके सकाळी चादरी बदलायची पाळी वंदनाची होती. ती कोणाच्या पाया पडत नाही, त्यामुळे पायाशी तिला काही अडचण नसते. तिने बाबांना सांगितलं, पाय वर करा. बाबा म्हणाले, राहू दे पोरी. ती म्हणाली, “राहू दे कैसे, बाबा? चादर मळेल आहे,” आणि ओढली. मग तिने मला हाक मारली, तिचा आवाज नेहमीचा नव्हता. “काका, इधर आओ. ये देखो.” धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली टाच होती आणि ती काळी पडली होती. पुढचं मी लिहीत नाही. डॉक्टरांनी दोन दिवस खटपट केली, मग घोट्याच्या वर पाय काढावा लागला. बाबा वाचले. ते शुद्धीवर आल्यावर मी खाटेशी उभा राहिलो, पण माझा हात रोजच्यासारखा पुढे होईना. बाबांनीच विचारलं, “काय रे, एक गेला तं नमस्काराचा भाव उतरला का?” केळीच्या बाजारात जन्म गेलेला माणूस. मी हसलो, आणि मोरीवर जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासत बसलो.

मला कोणी दोष दिला नाही. सगळे म्हणाले, म्हाताऱ्याने पाय लपवला, काटा लागला होता म्हणून घरीही सांगितलं नव्हतं. मीही तेच म्हणालो, थोडं मोठ्यानेच म्हणालो.

अशात आमची वॉर्डातली पाळी संपली. बाईंनी सांगितलं, की आता प्रत्येकाने स्वतःच स्वतःची परीक्षा घ्यायची. वॉर्डात काय शिकलात, काय जमलं नाही, कुठे चुकलात, हे लिहायचं आणि शेवटी स्वतःला दहापैकी गुण द्यायचे. मुलींनी तासाभरात लिहून टाकलं. वंदनाने स्वतःला नऊ दिले. एक का सोडलास विचारलं तर म्हणे, “नजर लगती है, काका.” माझं काही केल्या सुरू होईना. आपल्यात स्वतःविषयी बरं बोलत नाहीत. वाईट बोलायची सवय आहे, पण ती देवापुढची. तेव्हा मी आपला देवघरात बसल्यासारखा बसलो आणि लिहीत गेलो. मी अज्ञानी आहे, मी पामर आहे, माझ्या हातून घडलेल्या अपराधांना गणती नाही, सेवेत मी चोरी केली, ज्यांचं अन्न खाल्लं त्यांच्याशी कृतघ्न झालो, मला पदरात घ्यावं. चार पानं झाली. गुणांच्या जागी मोठं शून्य काढलं. लिहिताना डोळे भरून आले, आणि त्या दिवशी पुष्कळ दिवसांनी जेवण गोड लागलं.

कागद भोपाळला जायचे म्हणून आमच्या कारकुनाने ते हिंदीत केले. कारकून सरळ माणूस आहे. त्याने काही गाळलं नाही आणि काही सौम्यही केलं नाही. मग एक दिवस जीपगाडीतून एक साहेब उतरले, अंगात कोट, बोलणं फार सभ्य, आणि मला समोर उभं करून म्हणाले, “आपने लिखा है आपके अपराध अनगिनत हैं. गिने क्यों नहीं?” मी म्हटलं, साहेब, ते देवाला उद्देशून आहे. साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. “तो फिर कागज हमारे यहाँ कैसे आया?” पुढे ‘सेवेत चोरी’ होतीच. कोठीची कुलपं उघडली. कापूस मोजला, पट्ट्या मोजल्या, स्पिरिटच्या बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. कमी काहीच भरलं नाही. उलट एक चादर जास्त भरली, तेव्हा तिची वेगळी चौकशी लागली, ती अजून चालू आहे. मग रोग्यांना विचारलं. अनंत मास्तर बरे होऊन घरी गेले होते, त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांनी पाय धुतलेल्या फडक्याची हकिगत सांगितली, पण शेवटी म्हणाले, माणूस प्रामाणिक आहे, फक्त उलट्या बाजूने सुरू करतो. आणि लोटूबाबांनी उशीवरून मान उचलून साक्ष दिली. “ह्याच्यासारखा माणूस नाही, साहेब. रोज पाया पडे. उदबत्ती लावे.” साहेबांनी ते लिहून घेतलं. रोग्यांशी वागणूक उत्तम, अपराध सिद्ध नाही, यापुढे भाषेत संयम ठेवावा, असा शेरा मारून ते जीपमध्ये बसले. मी तसाच राममंदिरात गेलो आणि नारळ फोडला.

परत आलो तो निर्मलाबाई थांबल्या होत्या. माझी चार पानं त्यांच्या हातात होती. म्हणाल्या, “भिकनराव, बसा. यात पुष्कळ अपराध आहेत. लोटूबाबांचा पाय कुठे आहे?” मी पानांकडे पाहिलं. पाय कुठेच नव्हता. बाई म्हणाल्या, “देवाला सगळं माहीत असतं, म्हणून त्याच्यापुढे सगळंच चुकलं म्हटलं तरी भागतं. मला माहीत नसतं. मला एकेक सांगावं लागतं.” मी म्हणालो, बाई, बाबांनीच झाकून ठेवला होता. त्या म्हणाल्या, “त्यांनी झाकला. उदबत्ती तुम्ही लावलीत.” आवाज हळूच होता. कोरा कागद माझ्यापुढे ठेवून त्या निघून गेल्या.

दादा, त्या कागदावर बसून मी जेवढा विचार केला तेवढा आयुष्यात केला नसेल. देवळात डोळे मिटून मी आजवर जे म्हणत आलो ते खोटं नव्हतं. पण हजार चुका कबूल करण्यात एक सोय आहे, की त्यातली एकही कोणी हातात घेऊन पाहत नाही. आणि नमस्काराचंही तसंच. आपण ज्याचे पाय धरतो त्याच्या पायांकडे आपण पाहतच नाही, मान खाली असते आणि डोळे मिटलेले असतात. शेवटी मी एवढंच लिहिलं. ‘लोटूबाबांच्या पायाचा वास मला येत होता. मी चादर वर केली नाही. पाहिलं असतं तर डॉक्टरांना सांगावं लागलं असतं, आणि बाबा माझ्यावर नाराज झाले असते. म्हणून मी वास झाकला.’ गुणांची जागा मोकळी सोडली. पाय बाबांचा, म्हणून ते आधी बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, “मले ठाऊक होतं तुले वास येते. उदबत्ती लागली तवा समजलो, हा काही बोलणार नाही. तवा बरं वाटलं होतं.” मग म्हणाले, “बोलला असता तं, भिकन.” आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं होतं, ते माफ केलं म्हणतील. ते त्यांनी म्हटलं नाही आणि मीही मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याचं भांडं घेऊन गेलो तर त्यांनी राहिलेला पाय आपणहून चादरीबाहेर काढून ठेवला होता. मी त्या दिवशी चेहऱ्याच्या आधी तो पाहिला. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या, सगळं. बाईंनी पाहिलं आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

दुसरा कागद वाचून बाईंनी मला नापास केलं. वॉर्डाची पाळी पहिल्यापासून पुन्हा करायची आहे. मुली सगळ्या पास झाल्या. वंदनाने पेढे वाटले, मला दोन दिले आणि म्हणाली, “काका, अगली बार मेरे से कॉपी करना.”

दादा, आता माझं बोलणं ऐका. ही हकिगत ऐकून तुम्ही म्हणाल, बघ, शेवटी कापलाच ना. मलाही ती भीती होती, म्हणून लोटूबाबांचा भाग गाळून नुसती जीपगाडीची गंमत लिहावी असं मनात आलं होतं. पण मग मी पुन्हा तेच केलं असतं. बाबांचा पाय दवाखान्यात आल्यामुळे गेला नाही. तो दवाखान्यात येऊनही झाकलेला राहिला म्हणून गेला, आणि झाकणाऱ्यांत मी होतो. दिवाळीला मी घरी फोपनारला आलो, तुमच्या पाया पडलो, तेव्हा फडकं मला दिसलं होतं. तुम्ही पाय आत ओढलात आणि मी वहिनींकडे प्यायला पाणी मागितलं. तुम्ही रागवाल याची भीती मला या वयातही वाटते. आता रागवा. मी सोमवारी इथे वॉर्डाच्या दारात उभा असेन. डॉक्टर आधी औषध देतील, सुई देतील, गूळ खरोखर बंद करतील. लवकर आलेले पाय मी चालत घरी जाताना पाहिले आहेत. तुमच्या पायाचं काय होईल ते मी पाहिल्याशिवाय सांगू शकत नाही, आणि खोटा धीर देणार नाही. तुम्ही गेलात तर बाग मधुकर पाहील, पण मला भिक्या म्हणून हाक मारणारं जगात कोणी उरणार नाही.

मालूवहिनींना नमस्कार, मधुकरला आशीर्वाद, गोठ्यातल्या जनावरांच्या पाठीवर माझ्या वतीने एकेकदा हात फिरवावा. राम सगळ्यांना सुखी ठेवो.

तुमचा धाकटा,
भिकन

ता. क. निंब्याशी बोलणं झालं आहे. सोमवारी सकाळी तो गाडी तुमच्या दारात उभी करेल. मागे केळीचे घड असतील, म्हणून तुम्ही पुढे त्याच्या शेजारी बसायचं, खाली गोधडी, डावा पाय लांब केलेला. घड नीट रचलेत की नाही हे बघायला वाटेत उतरायचं नाही. त्याला तशी ताकीद दिली आहे, पण तो तुम्हाला भितो.

दुसरी ता. क. (आशा, हे मनात वाच. पत्र संपलं की ऊन असतानाच फडकं सोड आणि पाय नीट बघ. ते नको म्हणतील, रागावतील, तू सून आहेस, तुला संकोच वाटेल. तरी बघ. कातडी काळी दिसली, वास आला, किंवा बोट लावलेलं त्यांना कळत नसेल, तर सोमवारची वाट बघू नकोस. मधुकरला बैल जोडायला सांग आणि ताबडतोब निघा. केव्हाही आलात तरी मी दवाखान्यातच असतो.)

तिसरी ता. क. दादा, एक सांगायचं राहिलं. नापास झालेल्याला पाळी पुन्हा करताना एक रोगी दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत सबंध सांभाळून दाखवावा लागतो, डोक्यापासून तळव्यापर्यंत. त्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. रोग्याच्या नावाच्या जागी मी तुमचं नाव दिलं आहे. तुम्ही आला नाहीत तर भिकन पुन्हा नापास होईल, आणि खकनारची ती पोरगी मला जगू देणार नाही. माझ्या शिक्षणासाठी तुम्ही एकदा बैलांमागे गेलात, आता एकदा बैलांमागे बसून या.

(आशा, हेही मनात वाच. असा नियम दवाखान्यात नव्हता. मी बाईंना दादांविषयी सगळं सांगितलं, एकेक करून सांगितलं, तेव्हा त्यांनी तो आज सकाळी केला. म्हणून दादांनी खरंच असा नियम आहे का विचारलं तर बिनधास्त हो म्हण. आजपासून ते खोटं नाही.)